काळे पडलेले तोडे

माझं माहेर बारामतीचं, सासर इंदापूरचं, आणि दोन्ही घरं सोनारांची. वडिलांच्या दुकानात मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून चांदी बघत आले होते. पण एका जोड तोड्यांवरून तीन घरांतली माणसं एकमेकांकडे चोरासारखी बघायला लागतात, हे मी पाहिलं ते लग्नानंतर, इंदापुरात. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती. एस.टी.च्या गाड्या नव्यानं धावायला लागल्या होत्या. आणि मी त्या घरात अजून नवीच होते.

आमच्या घरात आम्ही तिघंच. मामंजी म्हणजे माझे सासरे, हे, आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मामंजींची नजर अधू व्हायला लागली होती, म्हणून चांदी आटवायचं आणि घडवायचं काम त्यांनी यांच्यावर सोपवलं होतं. ते स्वतः गिऱ्हाइकाशी बोलायचे, तराजू धरायचे आणि तयार दागिन्यावर शेवटचा हात फिरवायचे. मी मागच्या अंगणात रिठ्याचं पाणी करून दागिने उजळून द्यायचे.

सोन्याचं एक बरं असतं. ते पेटीत ठेवा, मातीत पुरा, जसंच्या तसं राहतं. चांदी तशी नाही. ती हवेनं मंदावते, घामानं काळवंडते, कांदा लागला तरी डाग धरते. त्यात ती फार मऊ. लहानपणी वडिलांनी मला शुद्ध चांदीची तार हातात दिली होती, आणि मी ती बोटांनी सुतळीसारखी वळवली होती. असल्या चांदीचे तोडे शेतात राबणाऱ्या बाईच्या पायांत घातले तर दगड-ढेकळांवर आपटून महिन्याभरात चेपून जातील. म्हणून थोडं तांबं मिसळावंच लागतं. पण तांबं हा शब्द नुसता काढला तरी गिऱ्हाइकाचा चेहरा बदलतो. मामंजी त्याला तांबं म्हणतच नसत. "मजबुतीपुरतं घालतो," एवढंच म्हणायचे. समोरचा माणूस मान हलवायचा, पण डोळे बारीक करायचा.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर कळसचे एक शेतकरी दुकानात आले. गावात त्यांना सगळे आबा म्हणायचे. तुळशीचं लग्न झालं की त्यांच्या मुलीचं लग्न होतं, निमगाव केतकीच्या पुढच्या एका मळ्यात. त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून आपल्या आईचा कमरपट्टा आणला होता. जुना, कड्यांत मळ बसलेला, दोन ठिकाणी तुटलेला.

"ह्याचं पोरीला तोडं करायचं," ते म्हणाले. "आईची आठवण हाय. दुसरं काय मिसळू नका."

मामंजींनी पट्टा तोलला, मजबुतीचं सांगितलं, मळ जळून थोडी घट येईल तेही सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि शेगडीसमोर ठाण मांडलं. यात नवल काही नव्हतं. आमच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आटणी होईपर्यंत डोळा हलवत नसे. बायका तर भाकरी बांधून यायच्या आणि मुशीतल्या, म्हणजे आटवायच्या मातीच्या भांड्यातल्या, चांदीकडे बघत तिथंच जेवायच्या. सोनाराच्या घरात वाढल्यामुळे मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पाऊस आला की छत्री उघडतात, तसं ते होतं.

कमरपट्टा मुशीत वितळला, वर मळ सुटायला सवागी टाकली, तिचा फेस आला. तेवढ्यात बाहेर आबांचे बैल हंबरायला लागले. आबा चुळबुळले. शेवटी, "पाणी दावून येतो," म्हणत उठले. मामंजी त्यांच्या मागोमाग ओट्यावर गेले. मी चहा घेऊन मधल्या दारात उभी होते. हे मला पाठमोरे होते. यांचा हात बैठकीखालच्या लाकडी खणात गेला, एक फडक्याची पुरचुंडी निघाली, आणि तिच्यातलं काहीतरी मुशीत पडलं. लगेच खण बंद. आबा परत आले तेव्हा हे फुंकणीनं निखारे फुलवत होते, जसे आधी फुलवत होते.

मी चहा ठेवला आणि आत गेले. काही विचारलं नाही. नव्या सुनेनं नवऱ्याला दुकानातलं काय विचारायचं? पण मनात ते राहिलं.

थंड झालेली चांदीची लगड निघाली, तोलली, आणि वजन इतकं भरलं की आबांनी धरली होती तेवढी घटसुद्धा आली नाही. ते खूश झाले. तोडे सुंदर झाले. भरीव, दोन्ही टोकांना कमळाची कळी. मी ते उजळले तेव्हा अंगणातल्या उन्हात नजर ठरत नव्हती. आबा ते घेऊन गेले, लग्न झालं, आणि आम्ही ते काम विसरलो.

संक्रांतीला आबा परत आले. मुलीचा पहिला सण होता, म्हणून तिला माहेरी आणली असेल असं मला वाटलं, कारण ती त्यांच्या मागे उभी होती. माझ्याच वयाची. डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. आबांनी फडकं सोडलं आणि तोडे मामंजींच्या पुढ्यात टाकले.

मला ते आधी ओळखूच आले नाहीत. काळे होते. नुसते मळकट नाही, तव्याच्या बुडासारखे काळे, आणि कळ्यांच्या खाचांत निळसर झाक.

"सोनारबुवा," आबा म्हणाले, "माझ्या आईचा पट्टा दिला व्हता तुमाला. त्याचं हे काय केलंत?"

मामंजींनी तोडा डोळ्यांजवळ नेला. "आबा, चांदी काळी पडतेच."

"दोन म्हयन्यात? आईच्या कंबरंला जलमभर पट्टा व्हता. तो न्हाय असा झाला. पोरीची सासू म्हणती, बापानं कथलाचं तोडं घालून पोरगी खपवली. खरं तोडं आण, न्हायतर तितंच ऱ्हा, म्हणून धाडून दिलंय हिला."

मुलगी खाली बघत होती. तिच्या पायांवर तोड्यांच्या जागी वळ उठले होते.

"चांदी चोख आहे," मामंजी म्हणाले. "तुम्ही स्वतः समोर बसला होतात."

"बसलो व्हतो. पर एकदा बैलांला पाणी दावाय गेलो व्हतो." एवढं म्हणून आबांनी यांच्याकडे बघितलं.

हे ऐरणीवर काहीतरी ठोकत होते. ठोकायचं थांबलं नाही, मानही वर झाली नाही. "काळी पडली म्हणजे खोटी होत नाही," एवढंच ते म्हणाले. मी दाराआड उभी होते. बैल हंबरले तेव्हा काय झालं, ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. एक हे, आणि दुसरी मी. आणि मी बघितलंय हे यांना माहीत नव्हतं.

मामंजींनी तोडे ठेवून घेतले आणि आबांना बाजाराच्या दिवशी यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हे कामासाठी बाहेर गेल्यावर मामंजींनी मला दुकानात बोलावलं. दार लोटायला सांगितलं. त्यांच्यापुढे कसोटीचा दगड, तेजाबाची बाटली आणि वाटीत मिठाचं पाणी होतं.

"माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही," ते म्हणाले. "तू रंग सांग."

त्यांनी तोडा दगडावर घासला, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला, मग मिठाच्या पाण्याचा. थेंब दह्यासारखा पांढरा साकळला. तांबं जादा असतं तर हिरवट दिसला असता.

"पांढरा आहे," मी म्हणाले.

मला वाटलं, संपलं. पण मामंजींचा चेहरा मोकळा झाला नाही. त्यांनी कानस उचलली. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं. दागिना आंबट पाण्यात उकळला की वरवरचं तांबं निघून जातं आणि अंगावर शुद्ध चांदीची पातळ साय राहते. ती साय कसाला उतरते, मग आत काहीही असो. हे फक्त सोनाराला माहीत असतं. म्हणजे मामंजी गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी कस लावत नव्हते. ते आपल्या मुलाला तपासत होते.

त्यांनी तोड्याच्या आतल्या बाजूला, पायाला लागते तिथं, खोल कानस चालवली. पुन्हा रेघ, पुन्हा थेंब.

"आता?"

"आताही पांढराच."

मामंजींनी दुसरा तोडा उचलला. मग म्हणाले, "दुसऱ्यालाही लावू." दुसराही चोख निघाला. तेव्हा कुठं त्यांनी कानस खाली ठेवली. "त्याला यातलं काही बोलू नकोस," ते म्हणाले.

मी मान हलवली. माझ्यापाशी आता दोघांची दोन गुपितं झाली होती. चांदी चोख होती, तर मग यांनी मुशीत टाकलं काय? आणि चांदी चोख असूनही इतकी काळी कशी झाली? जेवताना मी यांच्या हातांकडे बघायचे. साधे, भाजल्याचे डाग असलेले हात. मी वाढताना ते "पुरे" म्हणायचे तेव्हासुद्धा मला वाटायचं, हा माणूस माझ्यापासून काहीतरी लपवतोय. एकदा ते अंघोळीला गेले असताना मी खण ओढून बघितला. पुरचुंडी तिथंच होती. आत चांदीचा एक ओबडधोबड गोळा होता. कुठल्याच दागिन्याचा नव्हता तो, कुणाच्या नावाची चिठ्ठीही त्याला नव्हती. मी तो होता तसा बांधून ठेवला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

बाजाराच्या दिवशी आबा मुलीला घेऊन आले. मामंजी आधीच तयार होऊन बसले होते. "मला ते घर बघायचंय," ते म्हणाले. "चांदीला काहीतरी लागलंय, आणि ते तिथंच लागलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू चल. बायकांच्यात मला विचारता यायचं नाही." यांना दुकानात थांबायला सांगितलं. आपल्याला का नेलं नाही ते यांना कळलं असावं. मी मागं वळून बघितलं तेव्हा ते ओट्यावर उभे होते.

आम्ही चौघं एस.टी.नं निमगावला उतरलो आणि तिथून मळ्यापर्यंत चालत गेलो. विहिरीचं पाणी असलेला हिरवागार मळा होता. वांगी, मिरची, आणि एका बाजूला लाकडी मांडवावर द्राक्षाचे वेल. त्या भागात द्राक्ष तेव्हा नवीनच होतं. बारामतीकडं बघून त्यांनी हौसेनं लावलं होतं.

मुलीची सासू ओसरीवर बसली होती. गुडघे धरले होते, तरी आवाज खणखणीत. तिनं आम्हाला बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि मग म्हणाली, "सोनारालाच घिऊन आलात व्हय? बरं केलंत. तोंडावर बोलता यील."

मामंजींनी वाद घातला नाही. पिशवीतून कसोटी काढली, तोडा घासला, तेजाब आणि मिठाचं पाणी सोडलं, आणि साकळलेला पांढरा थेंब तिला दाखवला.

तिनं तो बघितलासुद्धा नीट नाही. "दगुडबी तुमचाच, पानीबी तुमचंच," ती म्हणाली. "मग त्यो तुमच्याच बाजूनं बोलणार की." मग आत जाऊन तिनं पेटीतून स्वतःचे तोडे आणले. पांढरेशुभ्र होते. "हे बघा. माझ्या लग्नातलं. हाय का कुठं काळं? ही चांदी. आन् ते काय हाय ते तुमी सांगा."

आबा खाली मान घालून बसले होते. मामंजी कसोटी पुन्हा पिशवीत भरू लागले. त्या मुलीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती ओसरीच्या कोपऱ्यात उभी होती, पाहुणी असल्यासारखी. मी तिला म्हणाले, "मला हात-पाय धुवायचेत, चल दाखव."

ती मला मांडवाजवळच्या पाण्याच्या पाटावर घेऊन गेली. तिथं पोचल्याबरोबर मला एक वास आला आणि मी थबकले. तो वास माझ्या ओळखीचा होता. बारामतीला वडील चांदीच्या डब्यांवर नक्षी कोरायचे आणि कोरलेल्या रेषा काळ्या दिसाव्यात म्हणून चांदी गरम करून तिला गंधक चोळायचे. तेव्हा घरभर हाच वास सुटायचा, आणि आई नाकाला पदर लावून खिडक्या उघडायची.

"हा वास कशाचा?" मी विचारलं.

"औषदाचा. येलांवर भुरी पडती, म्हणून पिवळी भुकटी मारत्यात."

"कोण मारतं?"

"मीच की. रोज सकाळी. फडक्यात बांधून झटकायची. आत्याबाईंच्यानं गुडघ्यामुळं वाकवत न्हाय." आत्याबाई म्हणजे तिची सासू.

"आणि तोडे?"

"पायातच की." ती गोंधळली. "नव्या नवरीनं काढायचं नसत्यात, म्हणल्या."

मी खाली बघितलं. वेलांखालच्या ओल्या मातीवर पिवळी धूळ बसली होती. ही मुलगी लग्न होऊन आल्यापासून रोज त्या धुळीत, पाटाच्या पाण्यात, घामेजल्या पायांनी उभी राहत होती. चांदीला गंधकासारखा वैरी नाही. आणि सासूचे तोडे पेटीत होते.

मी तिचा हात धरून तिला ओसरीवर आणलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मामंजींनी कपाळावर हात मारला. "गंधक!" ते म्हणाले. "आणि मी कांदे-लसूण शोधत होतो."

सासू मात्र जागची हलली नाही. "सोनाराची सून सोनारासारखंच बोलणार," ती म्हणाली.

"मग तुमचा एक तोडा द्या," मी म्हणाले. "तुमच्याच भुकटीत ठेवून बघू."

तिनं तोडे चटकन पदराआड घेतले. "माझं खराब करून दावताय व्हय? न्हाय जमायचं."

इतका वेळ तिचे यजमान, मुलीचे सासरे, खांबाला टेकून उभे होते. तात्या म्हणायचे त्यांना. ते आत गेले आणि देव्हाऱ्यातला रुपया घेऊन आले. राणीछाप बंदा रुपया. दर लक्ष्मीपूजनाला पुजायचा, इतका जपलेला की राणीच्या केसांची घडणसुद्धा शाबूत होती.

"अवो, देवाचा हाय त्यो!" सासू ओरडली.

"देवाचा हाय म्हणूनच," तात्या म्हणाले. "ह्यो तरी खोटा न्हाय ना? ह्यो सोनारानं केलेला न्हाय. भुकटी आपली, रुपया आपला."

त्यांनी रुपया माझ्या हातावर ठेवला. चुकलं तर देवाच्या वस्तूला हात लावल्याचाही बोल येणार होता. मी त्यांच्याच औषधाच्या डब्यातली भुकटी पाण्यात कालवली, रुपयाच्या एका बाजूला लावली आणि चुलीच्या कडेच्या गरम राखेवर तो ठेवला. सगळे चुलीभोवती जमले. सासूसुद्धा गुडघे धरत आली. वास उठला. आधी कड पिवळसर झाली, मग तपकिरी, आणि बघता बघता राणीचा चेहरा जांभळट होऊन काळा पडला. मी चिमट्यानं रुपया उचलून पाण्यात टाकला, धुतला आणि सासूच्या हातात दिला. तो तोड्यांसारखाच काळा होता, निळी झाकसुद्धा तीच.

ती तो उलटापालटा करत राहिली. एका बाजूला पांढरा, एका बाजूला काळा. आबा तोंड फिरवून अंगणाकडे बघायला लागले. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसलेले मी बघितले.

"पयल्यासारखा व्हईल का?" शेवटी सासूनं विचारलं. तिचा पहिला प्रश्न रुपयाचा होता, सुनेचा नव्हता.

मी राख आणि रांगोळी घेऊन रुपया घासला, मग तोडे घासायला बसले. मुलगी न सांगता माझ्याशेजारी येऊन बसली आणि दुसरा तोडा घासू लागली. काळं निघायला वेळ लागला, पण खालून चांदी वर आली. सासूनं तोडे हातात घेतले, कळ्यांवरून अंगठा फिरवला आणि सुनेपुढे ठेवले.

"उद्यापास्नं बागंत जाताना काढून ठिवत जा," ती म्हणाली. माफी म्हणून तिच्या तोंडून एवढंच आलं. मुलगी तिथंच राहिली. आम्ही तिला सोडून निघालो तेव्हा तिनं तोडे पायांत घातलेले नव्हते. ते हातात धरून ती उभी होती.

परत येताना गाडीत मामंजी खुशीत होते. पण इंदापूर जवळ आलं तसे मला पुन्हा म्हणाले, "कानशीचं त्याला सांगू नकोस हं."

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं, ते एवढं वगळून. हे ऐकत होते, पण हसले नाहीत. मामंजी ओट्यावर जाऊन बसल्यावर मला राहवलं नाही.

"त्या दिवशी आबा बैलांकडे गेले तेव्हा तुम्ही मुशीत काय टाकलंत?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू होतीस तिथं?"

"दारात होते."

"आणि आज विचारतेस?"

त्यांनी खण ओढला, पुरचुंडी काढली आणि तो गोळा माझ्या पुढ्यात ठेवला. "कानशीचा कीस, बैठकीखालचा केर, जमिनीत सांडलेला कण अन् कण, सगळं आपल्या स्वतःच्या कामातलं. जमवून आटवतो. कमरपट्ट्यात मळ फार होता, सांधे जोडायचा डाकही फार. मूस तापली तेव्हाच कळलं की सांगितल्याहून जास्त घट येणार. आबांनी मानली असती का घट? म्हणून पदरची चांदी घातली."

"मग त्यांच्यासमोर का नाही घातली?"

"समोर घातली असती तर काय घातलं म्हणून विचारलं असतं. चांदी म्हटलं असतं तर पटलं असतं त्यांना? सोनार आपली चांदी गिऱ्हाइकाच्या मुशीत टाकतो, हे तुला तरी पटतंय का?"

माझा चेहराच बोलला असणार. त्यांनी गोळा परत फडक्यात बांधला.

"तोड्यांच्या आतून कानस लागलीय," ते म्हणाले. "परवा मी बघितली. माझी घडण मला ओळखू येत नाही होय? आबांचं एक समजू शकतो. बापानंही कानस लावली, आणि तूही दारात उभी राहून बघत राहिलीस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते दुकानातून उठताना खण मुद्दाम उघडा ठेवायचे. जाता-येता गोळा दिसायचा. मामंजींना काहीच कळलं नाही, की कळून त्यांनी दाखवलं नाही, मला सांगता येणार नाही. मात्र तेव्हापासून ते चांदीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, "मळ्यात काय लावलंय?" लोकांना वाटायचं, म्हातारा गप्पिष्ट आहे.

यांचं सांगणं मला तेव्हा अर्धंच पटलं होतं. उरलेलं अर्धं पटायला पावसाळा उलटावा लागला. कळसकडचीच एक म्हातारी नातवासाठी साखळी करायला जुने पोकळ वाळे घेऊन आली. आत लाख भरलेली, वर पत्रा. आटवल्यावर मुशीत जे उरलं ते बघून माझाच जीव कळवळला. म्हातारीला धुरानं खोकला लागला आणि ती पाणी मागायला आत वळली. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघायचं तर नीट जवळ येऊन बघ." मी जवळ गेले. त्यांनी गोळ्याचा तुकडा छिन्नीनं तोडला, माझ्या तळहातावर ठेवला, आणि मी दगडावर घासून, थेंब सोडून बघितल्यावरच तो मुशीत टाकला. चांदीच होती. म्हातारी परत आली आणि पहिल्या जागी बसून पुन्हा मुशीकडे रोखून बघायला लागली.

त्यानंतर आमच्यात ते कधी निघालं नाही. खणही मग नेहमीसारखा बंद राहायला लागला. पण मी विचारलं याचं मला कधी वाईट वाटलं नाही. न विचारता आयुष्यभर त्यांच्या हातांकडे बघत राहिले असते, त्यापेक्षा ते बरं.

ती मुलगी मला पुढच्या वर्षी इंदापूरच्या बाजारात भेटली. भाजीची पाटी घेऊन आली होती. मला बघून हसली. आता ती बरीच धीट झालेली दिसली. मी तिच्या पायांकडे बघितलं. पाय मोकळे होते.

"तोडे बागेसाठी काढून ठेवलेस होय?" मी विचारलं.

"न्हाय, पेटीतच असत्यात," ती म्हणाली. "आत्याबाई रोज म्हणत्यात, घाल, चार माणसांत शोभत्यात. पावणं आलं की सवता काढून दावत्यात, आमच्या सुनंचं हायत म्हणून. पर मला न्हाय घालावंसं वाटत."

"का गं? चोख आहेत ते."

"व्हय, चोख हायत. आजीचं हायत." तिनं पाटीतली ओंजळभर वांगी उचलून माझ्या पिशवीत घातली आणि पैशाला हात लावू दिला नाही. "पर तवा मी बी त्यास्नी कथलाचंच समजले व्हते. समद्यांचं ऐकून मलाबी बापाचाच संशय आला व्हता. घातलं की त्येच आठवतं बगा."

तेवढ्यात तिच्याकडे गिऱ्हाईक आलं, आणि ती भाव सांगायला वळली.